होकायंत्राची सुई उत्तर का धरते?

होकायंत्राबद्दल बहुतेकांच्या मनात एक चित्र पक्कं बसलेलं असतं. दूर उत्तरेला, बर्फात कुठेतरी, एक भलामोठा लोहचुंबक आहे आणि तो जगातल्या सगळ्या सुया आपल्याकडे ओढतोय. मग ती सुई हर्णै बंदरातल्या बोटीवरची असो, नाहीतर वेंगुर्ल्याच्या शाळेतली. हे चित्र डोक्यातून काढून टाकलं की होकायंत्राचं सगळं वागणं, त्याच्या चुकांसकट, भराभर उलगडत जातं. सुईला उत्तरेकडे कोणीही ओढत नाही. ती जिथे आहे, तिथून जाणाऱ्या चुंबकीय रेषेत ती वळून उभी राहते. बस्स, तेवढंच तिचं काम.

याची खात्री घरच्या परातीत करून घेता येते. परात पितळेची किंवा प्लास्टिकची घ्या. स्टीलची नको, कारण काही जातींचं स्टील स्वतःच चुंबकाला धरतं. शिवणाची एक सुई घ्या. बिघडलेल्या स्पीकरमधला चुंबक घेऊन त्याची एकच बाजू सुईच्या नेढ्याकडून टोकाकडे घासत न्या. परत येताना चुंबक उचलून आणायचा, उलटा घासायचा नाही. तीस-चाळीस वेळा असं केलं की परातीतल्या पाण्यात मधोमध थर्माकोलचा तुकडा सोडा, त्यावर सुई आडवी ठेवा आणि चुंबक दुसऱ्या खोलीत ठेवून या. पंखा बंद हवा. सुई तुकड्यासकट वळते, थोडी पुढे जाते, मागे येते आणि एका रेषेवर येऊन थांबते. बोटाने फिरवून सोडली तरी पुन्हा त्याच रेषेवर.

आता नीट बघा. तुकडा वळला, पण परातीच्या उत्तरेकडच्या काठाकडे निघाला का? नाही निघाला. चुकून काठाजवळ गेलाच तर पाण्याचा पृष्ठताण त्याला जवळच्या काठाला चिकटवतो, मग तो काठ कोणत्याही दिशेचा असो. लंडनमध्ये होकायंत्रं बनवणाऱ्या रॉबर्ट नॉर्मनने १५८१ साली पुस्तक छापून हेच सांगितलं होतं: पाण्यात सोडलेली चुंबकीय तार वळते, पण उत्तरेकडे सरकत नाही.

असं का होतं, तर सुईला टोकं दोन. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र एका टोकाला जेवढ्या जोराने उत्तरेकडे रेटतं, तेवढ्याच जोराने दुसऱ्या टोकाला दक्षिणेकडे रेटतं. दोन्ही जोर सारखे, म्हणून सुई जागा सोडत नाही. दोन्ही उलट दिशेचे, म्हणून ती वळते. हातातला चुंबक मात्र सुईला खेचून घेतो, कारण त्याचं क्षेत्र जवळ फार जोरदार आणि बोटभर अंतरावर निम्म्याहून कमी असतं. सुईचं जवळचं टोक जास्त ओढलं जातं, लांबचं कमी ढकललं जातं. पृथ्वीचं क्षेत्र परातीच्या या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखं असतं. तिथे ओढाओढीला वावच नाही.

मासेमारीच्या बोटीवर निशाण लावलेलं असतं. ते वाऱ्याबरोबर फडकतं आणि वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते दाखवतं, पण कुठला वारा दाखवतं? त्या बोटीवरचा, त्या घटकेचा. वारा जिथून उठला त्या जागेचा पत्ता निशाणाला नसतो. सुईचं तसंच आहे.

या चुंबकीय रेषा डोळ्यांनी बघायच्या असतील तर कोकणात त्याची सोय फुकट आहे. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूचे पट्टे दिसतात. त्यात इल्मेनाइट असतं आणि थोडं मॅग्नेटाइटही. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्या वाळूतून फिरवा. पिशवीला काळी मिशी फुटते. ती मिशी एका कागदावर झटकून घ्या. मग चुंबकावर कोरा कागद धरा, त्यावर ती वाळू भुरभुरवा आणि कागदाला हलकेच टिचकी मारा. कणांच्या रांगा चुंबकाच्या एका टोकातून निघून कमानीसारख्या दुसऱ्या टोकाला जाऊन मिळतात. प्रत्येक कण म्हणजे एक चिमुकली सुई, आणि प्रत्येकाने फक्त आपापल्या जागेपुरतं वळण घेतलेलं असतं. सगळी मिळून कमान दिसते.

परातीतल्या सुईकडे एकदा परत जाऊ. घासल्याने तिच्यात नेमकं काय झालं? लोखंडाच्या आत सूक्ष्म प्रदेश असतात आणि प्रत्येक प्रदेश आधीपासूनच चुंबक असतो. साध्या सुईत त्यांची तोंडं वाटेल तिकडे असतात, त्यामुळे एकाचा जोर दुसरा मारून टाकतो. चुंबक एकाच दिशेने फिरवत गेलं की बरेचसे प्रदेश एका दिशेला तोंड करतात. मऊ लोखंडात ते लवकर विस्कटतात, पोलादात टिकून राहतात, म्हणून सुई पोलादाची. आता हीच सुई सांडशीत धरून गॅसवर लालभडक होऊ द्या, निवू द्या आणि पुन्हा पाण्यावर सोडा. तिचं दिशेचं भान बहुतेक सगळं गेलेलं असतं. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की आतल्या अणूंची धडपड इतकी वाढते की ती शिस्त मोडून पडते.

हा ७७० चा आकडा ध्यानात ठेवा, कारण पृथ्वीच्या बाबतीत तोच आडवा येतो.

इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने १६०० साली सांगितलं की पृथ्वी स्वतःच एक चुंबक आहे. चुंबकी दगडाचा गोळा घेऊन त्यावर छोट्या सुया फिरवून त्याने ते दाखवलंही. त्याआधी सुईला ध्रुवतारा ओढतो असं मानणारेही होते. गिल्बर्टची झेप मोठी होती, पण त्याची पृथ्वी आतून कायमची चुंबक होती आणि ते टिकणारं नव्हतं. आपल्या पायाखाली सुमारे २,९०० किलोमीटरवर पृथ्वीचा गाभा सुरू होतो. तो मुख्यतः लोखंडाचा, थोडा निकेलचा. तिथलं तापमान काही हजार अंश. एवढ्या उष्णतेत लोखंड चुंबक म्हणून राहूच शकत नाही.

मग क्षेत्र येतं कुठून? विजेच्या प्रवाहातून. तारेतून वीज वाहिली की जवळची होकायंत्राची सुई वळते, हे डेन्मार्कच्या अर्स्टेडने १८२० साली पाहिलं. उलट, चुंबकीय क्षेत्रातून विजेचा वाहक हलवला की त्यात वीज निर्माण होते, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. या दोन गोष्टी एकत्र करा. गाभ्याचा बाहेरचा थर, सुमारे २,२०० किलोमीटर जाडीचा, वितळलेल्या लोखंडाचा आहे. त्याच्या आत घट्ट लोखंडाचा गोळा आहे. तो इंगे लेहमान या डॅनिश शास्त्रज्ञ बाईंनी भूकंपाच्या लहरींवरून १९३६ मध्ये ओळखला. गाभा सावकाश निवतो आहे. आतला गोळा वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो, आणि वाढताना हलकी मूलद्रव्यं बाहेरच्या द्रवात सोडतो. ती वर चढतात, जड द्रव खाली बसतो आणि सगळं लोखंड सतत ढवळत राहतं. असलेल्या क्षेत्रातून हे लोखंड वाहतं म्हणून त्यात वीज तयार होते; त्या विजेमुळे पुन्हा क्षेत्र तयार होतं; त्या क्षेत्रातून लोखंड पुन्हा वाहतं. हे चक्र अब्जावधी वर्षं चालू आहे. शास्त्रज्ञ त्याला भूडायनामो म्हणतात.

आता खरा प्रश्न. हे क्षेत्र उत्तर-दक्षिणच का? पूर्व-पश्चिम का नाही? कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरते. ढवळणाऱ्या लोखंडाची चाल फार धीमी, वर्षाला साधारण दहा-वीस किलोमीटर, आणि पृथ्वी मात्र रोज एक फेरा घेते. या फिरण्यामुळे वरखाली जाणारे प्रवाह सरळ जाऊ शकत नाहीत; ते वळतात आणि पृथ्वीच्या आसाला समांतर अशा पिळांमध्ये बसतात. विजेचे प्रवाह त्याच मांडणीत वाहतात, म्हणून एकंदर क्षेत्राचा रोख आसाच्या जवळपास राहतो. सुई उत्तर दाखवते याचं मूळ कारण पृथ्वीचं फिरणं आहे. सूर्य पूर्वेला उगवतो त्याचंही कारण तेच, आणि मला ही जोडणी फार सुंदर वाटते.

नावांचा एक घोळ इथेच मिटवून टाकू. सुईच्या उत्तरेकडे जाणाऱ्या टोकाला आपण उत्तर ध्रुव म्हणतो. विजातीय ध्रुव जवळ येतात हे शाळेत शिकतो. म्हणजे भौगोलिक उत्तरेला असलेला पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव चुंबकाच्या भाषेत दक्षिण जातीचा ठरतो. व्यवहारात सगळे त्याला चुंबकीय उत्तर ध्रुवच म्हणतात आणि त्याने काही बिघडत नाही.

पृथ्वीच्या रेषा कोकणात आडव्या नसतात. त्या उत्तरेकडे जाता जाता जमिनीत शिरतात. अलिबागच्या आसपास त्या क्षितिजाशी साधारण २५ ते २७ अंशांचा कोन करून खाली उतरतात, दक्षिणेला सिंधुदुर्गाकडे जाल तसा कोन कमी होतो. याला नती म्हणतात. मधोमध टांगलेली मोकळी सुई इथे उत्तरेचं नाक खाली करून उभी राहील. केरळात तिरुवनंतपुरमजवळ थुंबा इथे रेषा जवळपास आडव्या होतात, कारण चुंबकीय विषुववृत्त तिथूनच जातं. १९६३ मध्ये भारताचं पहिलं अग्निबाण-केंद्र तिथे उभं राहिलं ते याच कारणाने. लंडनला हाच कोन ६६ अंशांच्या आसपास आहे. म्हणून तिकडच्यासाठी बनवलेल्या होकायंत्रात सुईच्या दक्षिण टोकाला जास्त वजन दिलेलं असतं. असं यंत्र कोणी नातेवाईकाने प्रेमाने पाठवलं तर इथे त्याची सुई दक्षिणेकडे झुकते आणि तळाला घासून अडकूही शकते. यंत्र बिघडलेलं नसतं, ते दुसऱ्या मुलखाचं असतं.

दुसरी गोष्ट दिक्पाताची. सुईची उत्तर आणि ध्रुवताऱ्याखालची खरी उत्तर यांत फरक असतो, आणि तो जागेप्रमाणे बदलतो. केपटाऊनला सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे २५ अंश पश्चिमेला उभी राहते. आपल्या किनाऱ्यावर सध्या हा फरक जेमतेम एक अंश किंवा त्याहून कमी आहे. आपलं नशीब चांगलं, पण ते कायमचं नाही. गाभ्यातलं लोखंड वाहतं आहे, त्यामुळे क्षेत्रही हळूहळू कूस बदलतं. जेम्स क्लार्क रॉसने १८३१ मध्ये चुंबकीय उत्तर ध्रुव कॅनडाच्या उत्तरेला गाठला होता. आज तो सायबेरियाच्या दिशेने बराच पुढे गेला आहे. १९९० नंतर त्याची चाल वर्षाला ५० किलोमीटरच्या पुढे गेली, अलीकडे मंदावली. जगभरच्या जहाजांना आणि मोबाइलना लागणारं क्षेत्राचं गणित दर पाच वर्षांनी नव्याने मांडतात. २०१९ मध्ये तर मुदत संपायच्या आतच ते दुरुस्त करावं लागलं.

हे बदल टिपण्यात आपल्या किनाऱ्याचा वाटा फार मोठा आहे आणि तो आपल्याच लोकांना फारसा ठाऊक नसतो. मुंबईत कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर एक प्रचंड उद्रेक पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. त्या वादळात कुलाब्याच्या नोंदवहीत क्षेत्राचा आडवा जोर सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे क्षेत्राचा जोर मोजायचं माप) खाली आलेला दिसतो. आजही त्या वादळाचा अभ्यास करताना जगभरचे शास्त्रज्ञ ही कुलाब्याची नोंद उघडतात.

पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. रुळांतून जमिनीत झिरपणारी वीज नाजूक उपकरणांना चुकवणार, हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी आधीच पर्याय उभा केला. खाडीपलीकडे अलिबागला, समुद्राजवळ, १९०४ मध्ये नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. इमारतीला चुंबकत्व नसलेलं साहित्य पारखून वापरलं. मग १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे आकडे नीट जोडता यावेत. ट्राम १९०७ मध्ये धावली. त्या दोन वर्षांच्या सबुरीमुळे आज आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापासूनची सलग मालिका आहे, जगातल्या मोजक्या लांब मालिकांपैकी एक. अलिबागची वेधशाळा आता नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. अलिबागला किल्ला बघायला जाणाऱ्यांनी या वास्तूकडेही त्याच आदराने बघावं, असं मला मनापासून वाटतं.

त्याहून जुनी नोंद सह्याद्रीत आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर पसरले. लाव्हा घट्ट होऊन आणखी निवत गेला तेव्हा त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांचं चुंबकत्व त्या वेळच्या चुंबकीय रेषेत आलं आणि दगड गार झाल्यावर तसंच राहिलं. काळ्या कातळाचा प्रत्येक थर म्हणजे त्या दिवसांतलं गोठलेलं होकायंत्र. गंमत अशी की यातले बरेचसे थर आजच्या उलट दिशा दाखवतात. त्या काळात पृथ्वीचं क्षेत्रच उलटं होतं. आजचं होकायंत्र तेव्हा ठेवलं असतं तर त्याचं उत्तरेचं टोक दक्षिणेला गेलं असतं. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना खालचे कातळ उलट्या काळातले आणि माथ्याकडचे सुलट्या काळातले आहेत. क्षेत्र पृथ्वीच्या इतिहासात असं अनेकदा पालटलं आहे, शेवटचं सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. याच दगडांतली नती मोजून १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी दाखवलं की हा लाव्हा सांडला तेव्हा आपला देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. खंड सरकतात हे बऱ्याच जणांना तेव्हा पटलेलं नव्हतं.

या कातळाचा एक त्रासही आहे. वीज पडलेल्या माथ्यावर खडक जागोजाग जोरात चुंबकित होतो. अशा ठिकाणी होकायंत्र थेट दगडावर ठेवू नये, छातीशी धरून वाचावं आणि दहा-वीस पावलं सरकून पुन्हा पडताळावं.

आता बोटीवर येऊ. बोटीवरच्या होकायंत्रात सुई दिसत नाही. काचेच्या घुमटाखाली तेलासारख्या द्रवात एक अंशांची तबकडी तरंगते आणि तिच्या पोटाला चुंबक लावलेले असतात. द्रवामुळे ती लाटांबरोबर थरथरत नाही. तांडेल सुकाणू फिरवतो तेव्हा तबकडी गरगर फिरल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तबकडी आपली रेषा धरून उभी असते आणि बोट तिच्याभोवती फिरते. घुमटाच्या आत बोटीच्या नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, रोखाने एक उभी रेघ असते. तिच्यासमोर जो आकडा, ती बोटीची दिशा. आपला किनारा जवळपास उत्तर-दक्षिण धावतो, त्यामुळे भर समुद्रात धुक्यात किंवा काळोखात जीपीएस बंद पडलं तरी पूर्व धरून चाललं की जमीन लागणार हे नक्की. कुठल्या बंदराला लागणार, हे मात्र अंशांच्या हिशोबावर आहे. साठ किलोमीटर चालीत एक अंश चुकला की सुमारे एक किलोमीटर फरक पडतो. दहा अंश चुकले तर दहा किलोमीटर, म्हणजे हर्णैला यायचं ती बोट केळशीच्या बाजूला निघेल.

आणि दहा अंश चुकवायला फार काही लागत नाही. पृथ्वीचं क्षेत्र इथे साधारण ४३ मायक्रोटेस्ला (४३,००० नॅनोटेस्ला), फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाच्या शंभराव्या हिश्श्याइतकं. सुई जिथे आहे तिथल्या क्षेत्रात वळते आणि तिथे पृथ्वीबरोबर केबिनमधलं सगळं लोखंड आपापला हिस्सा घालतं: इंजिन, पान्यांची पेटी, गाण्यांचा स्पीकर, होकायंत्राशेजारी ठेवलेला मोबाइल. मोबाइलमध्ये स्वतःचंही होकायंत्र असतं, क्षेत्र मोजणारी इवलीशी चिप. ती हवेत आठाच्या आकड्यासारखी फिरवायला सांगतात त्याचं कारण हेच: फोनमधल्या चुंबकांचा हिस्सा फोनबरोबर फिरतो, पृथ्वीचा फिरत नाही, सगळ्या बाजूंनी मोजलं की दोन्ही वेगळे काढता येतात.

बोटीचंही तसंच करायचं असतं. काठावरच्या दोन ओळखीच्या खुणा, समजा दीपगृह आणि मागचा डोंगर, एका रेषेत धरायच्या. नकाशावरून त्या रेषेची दिशा ठाऊक असते. मग त्या रेषेवर बोट एकेका दिशेला तोंड करून फिरवायची आणि दर वेळी होकायंत्र किती अंशांनी चुकतंय ते लिहायचं. चूक प्रत्येक दिशेला वेगळी निघते, कारण बोट वळली की तिचं लोखंडही सुईभोवती वळतं. हा तक्ता केबिनमध्ये लावून ठेवतात; फार चूक असेल तर जवळ छोटे चुंबक बसवून ती कमी करतात. इंजिन बदललं, पत्र्यावर वेल्डिंग केलं की तक्ता जुना होतो. जून-जुलैच्या बंदीत लोखंडी बोट दोन महिने एकाच दिशेला तोंड करून शाकारून ठेवली तरी पृथ्वीच्या क्षेत्रात तिचं लोखंड थोडं चुंबकित होतं. म्हणून नारळी पौर्णिमेनंतर दूर जायच्या आधी, बंदराच्या तोंडाशी एकदा बोट आठही दिशांना फिरवून आकडे पुन्हा ताडून घ्यावेत.